वेल हलवली नाही

माझ्या माहेरी भुंगेरा दिसला की मारायचा, एवढंच शास्त्र होतं. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे आमची द्राक्षाची बाग. ऑक्टोबरची छाटणी झाली की फुगलेल्या डोळ्यांवर उडद्या पडायचा. उडदाच्या दाण्याएवढा, तांबूस, चकचकीत भुंगेरा. त्यानं डोळा पोखरला की तिथला घड गेलाच म्हणून समजा. सकाळच्या गारव्यात तो सुस्त असतो, उडत नाही. तेव्हा वेलीखाली छत्री उलटी धरायची आणि वेलीला एक हिसका द्यायचा. उडद्या मेल्याचं सोंग घेऊन टपाटपा छत्रीत. मग छत्री रॉकेलच्या पाण्यात झटकायची. शाळेत जायच्या आधी हे काम माझं आणि धाकट्या भावाचं असायचं.

पुढे मी प्राणिशास्त्र शिकले, नाशिकला कॉलेजात शिकवायला लागले, गंगापूर रोडला फ्लॅट घेतला, पण छत्री काही सुटली नाही. भुंगेऱ्यांचा अभ्यास करणारे जगभर हेच करतात. फांदीखाली कापड धरायचं, फांदी झटकायची, पडेल ते वेचायचं. मी आपली वडिलांच्या जुन्या धोतराचं पांढरं कापड छत्रीला आतून शिवून घेतलं, म्हणजे काळा किडाही उठून दिसतो. फरक एवढाच की रॉकेलच्या बादलीऐवजी आता हातात काचेची कुपी असते. भाऊ म्हणतो, "मारतेस तर तूपण. फक्त नाव ठेवून मारतेस." त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण त्याचं खरं आहे.

सासर-माहेर दोन्हीकडे माझी थट्टा ठरलेली. त्यातून एकदा भावजयीनं विचारलं, दोन भुंगेरे सारखेच दिसतात तर वेगळे कसे ओळखता? मीही शहाणी, खरं ते सांगून बसले. नराच्या पोटात त्याचं जे इंद्रिय असतं ते बाहेर काढायचं, साफ करायचं आणि मायक्रोस्कोपखाली त्याचा आकार बघायचा. प्रत्येक प्रजातीचा बाक वेगळा, टोक वेगळं. बाहेरून जुळे दिसणारे तिथे पकडले जातात. झालं! तेव्हापासून कुठल्याही लग्नात ती माझी ओळख करून देते, "आमच्या ताई. किड्यांचं ते बघतात." बघते तर बघते. बाकीचे लोक दिवसभर मोबाइलमध्ये काय बघतात ते मी कधी विचारलंय का?

तर गोष्ट अशी. सुरगाण्याच्या बाजूला, घाटमाथ्यावर, एका गावाजवळ देवीचं रान आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तसा गावाला शब्द दिलाय. रानाच्या कडेनं डांबरी रस्ता जातो आणि तिथंच एसटी थांबते. एका श्रावणात विद्यार्थ्यांना घेऊन त्या भागात गेले होते. परतीच्या गाडीची वाट बघत उभी होते आणि खांद्यावर काहीतरी टपकलं. बघते तर उडद्या! म्हणजे, उडद्यासारखा. पण भिंग काढून बारकाईनं पाहिलं. लहानपणी मी उडद्या इतका मारलाय की झोपेत ओळखीन. हा तो नव्हता. रंगाला हिरवट तांब्याची झाक होती, पाठीवरच्या कडक पंखांवर बारीक खाचांच्या ओळी असतात त्या दाट होत्या आणि मागच्या पायाला एक छोटा दात होता. आमच्या उडद्याला तो नाही. पायाला दात म्हणजे बहुधा नर. वर पाहिलं तर उंच झाडावरून रस्त्यावर रानद्राक्षाची वेल लोंबत होती. आपल्या द्राक्षाचीच भाऊबंद, पावसाळ्यात पानांनी भरते आणि दिवाळीपर्यंत वाळून जाते. मी त्याला कुपीत घातलं. एसटीत विद्यार्थी गाणी म्हणत होते आणि मी कुपी मुठीत धरून बसले होते.

घरी येऊन सगळी पुस्तकं, सगळे जुने शोधनिबंध धुंडाळले. त्याच्यासारखा कुठेच नव्हता. आता फक्त ते इंद्रिय काढून बघायचं राहिलं होतं. आणि इथे मी आमच्यातली रीत पाळली. आमच्या विषयात एक मोठे सर आहेत, दुसऱ्या शहरात असतात. या कुळातल्या भुंगेऱ्यांवर त्यांचा शब्द शेवटचा. एकुलता एक नर हाती लागला तर तो न उघडता आधी त्यांच्याकडे पाठवायचा, हा मान. पंगतीत वडीलधाऱ्यांनी घास घेतल्याशिवाय आपण घेत नाही, तसं. मी नर कापसात गुंडाळून पाठवला.

परत काय आलं? कुपीत दोन पंख, एक डोकं आणि तीन पाय. ते इंद्रिय काढताना "हरवलं" म्हणे. वर चिठ्ठी नाही, चपाटी नाही. मीच फोन केला. सर शांतपणे म्हणाले, "दक्षिण भारतात सापडते ना, त्या नेहमीच्या प्रजातीतलाच आहे तो. थोडा स्थानिक फरक आहे, बाकी काही नाही."

मी म्हटलं, "सर, पण पायाला दात आहे."

"मॅडम," सर हसले, "नाशिकला कांदा आहे, द्राक्षं आहेत. तिथे नवी प्रजाती कुठून निघणार? आणि समजा असलीच, तर माझ्या गुरूंच्या नावानं नाव द्या, मी शिफारस लिहून देतो. मग कुणी अडवणार नाही."

म्हणजे पाहा हं! नवी नाही, पण गुरूंचं नाव दिलं तर नवी. माझ्या नाकावर राग असतो असं घरचे म्हणतात. त्या दिवशी तो नाकावर मावेना. मी म्हटलं, "सर, नाव मी ठेवीन. बारशाला बोलावते." आणि फोन ठेवला. नंतर कितीतरी वेळ स्वयंपाकघरात भांडी आदळत होते. नवरा शहाणा, तो गच्चीवर जाऊन बसला.

चिडून काय उपयोग, हातात काही नव्हतं. नराशिवाय नवी प्रजाती कुणी मानणार नाही आणि नर होता त्याची रांगोळी झाली होती. दुसरा नर मिळाला तर मी खरी, नाहीतर आयुष्यभर "त्या नाशिकच्या बाई, त्यांना वाटलं होतं काहीतरी सापडलंय" एवढीच माझी ओळख. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं मी स्वतःला सांगत होते, पण कोंबडं सापडायला तर हवं! पुढच्या पावसाळ्यापर्यंत वेलीला पानं येणार नव्हती. मी वाट बघितली. वाट बघण्यात मी फार वाईट आहे.

पुढच्या श्रावणात छत्री, कुप्या आणि वनखात्याचा परवाना घेऊन सुरगाण्याची एसटी पकडली. रानाच्या हद्दीला शेंदूर लावलेले दगड आहेत. मी पहिल्या दगडापाशी पोचले तोच गावचा भगत आडवा आला. भगत म्हणजे देवीचं सगळं बघणारा. माझ्याच वयाचा, दाढी वाढलेली, अंगावर रेनकोट आणि तोंडात तंबाखू.

"बाय, काय पायजे?"

मी सांगितलं. परवाना दाखवला. त्यानं तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत दिला.

"कागद सरकारचा हाय. रान देवीचं हाय. आतलं काय बी बाहेर न्यायचं नाय. काटकी नाय, पान नाय, किडा बी नाय."

"अहो, एक किडा! मुगाएवढा!"

"मुगाएवढा असू द्या नायतर म्हशीएवढा. देवीचा हाय."

मी तासभर भांडले. विज्ञान सांगितलं, देश सांगितला, या किड्याचं नाव जगात जाईल म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "जगात गेला तर देवीकडं कोण ऱ्हाईल?" याच्यावर मी आणखी मोठ्यानं भांडले. तोही काही कमी नव्हता. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून ऐकायला लागल्या. मी घामाघूम, तो तंबाखू थुंकून ताजातवाना.

मग मला ती वेल दिसली. बुंधा हद्दीच्या आत, पण शेंडा झाडावरून बाहेर, रस्त्यावर. मी म्हटलं, "ही तर बाहेर आहे."

"मूळ आत हाय."

"मागच्या वर्षी हिच्यावरचा एक किडा माझ्या खांद्यावर पडला होता. तो मी नेला."

भगतानं मान वर करून वेलीकडे पाहिलं. "तुम्ही काढला का पडला?"

"पडला."

"मंग तो तुमचा." त्यानं रस्त्याकडे बोट दाखवलं. "तिकडं आंबा हाय, त्याची फांदी बी बाहेर हाय. आंबा आपून पडला तर कोनी बी खावा. दगड मारायचा नाय, हलवायचा नाय. तसंच हे. छत्री धरून उभ्या ऱ्हावा. पडंल ते तुमचं. पन हात लावायचा नाय."

"आणि नाही पडला तर?"

"तर नाय पडला." असं म्हणून तो चक्क निघून गेला. "नाही लावणार हात, शब्द देते!" मी त्याच्या पाठीमागून ओरडले.

आता याच्यातली मेख समजून घ्या. माझं सगळं शिक्षण, लहानपणापासूनचं, वेल हलवण्याचं. हा भुंगेरा वेलीला घट्ट धरून बसतो. हिसका बसल्याशिवाय सहसा पडत नाही. आणि मला काय सांगितलं, तर वेलीखाली उभं राहा आणि हलवू नका. विहिरीत बादली सोडायची नाही, पाणी वर येईल तेव्हा प्या!

मी उभी राहिले. रविवार आला की उभी, सुट्टी आली की उभी. सुरगाण्याचा पाऊस, उलटी छत्री. दहा मिनिटांत छत्रीची घागर होते. पाणी ओतायचं, पुन्हा धरायची. मी भिजून चिंब, आणि छत्री हातात! येणारे-जाणारे लोक हसून बेजार. एका आजीनं मला प्रेमानं समजावून सांगितलं की छत्री कशी धरायची असते. वाऱ्यानं कधी पान पडायचं, कधी मुंगी, कधी अळी. एकदा भुंगेरा पडला, तोच, तांब्याच्या झाकेचा! भिंगाखाली पाय पाहिला. दात नाही. मादी. नंतर आणखी एक पडली, तीही मादी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते उगाच नाही.

श्रावण गेला, भाद्रपद निम्मा सरला. वेलीची खालची पानं पिवळी पडायला लागली. एका दुपारी रस्त्यावर कुणी म्हणजे कुणी नव्हतं. भगत दूर कुठेतरी नागलीच्या शेतात. वेल पावसानं जड होऊन माझ्या डोक्याच्या वीतभर वर आली होती आणि एका पानाच्या मागे मला तांब्याची झाक दिसत होती. एक हिसका. फक्त एक. हजारो वेळा दिलाय मी तो. माझा हात वर गेला होता, खोटं कशाला सांगू.

पण त्या क्षणी मला ती कुपी आठवली, दोन पंख, एक डोकं आणि तीन पाय असलेली. दुसऱ्याची वस्तू, ना विचारणं, ना सांगणं, आणि वर हसून म्हणायचं, त्यात काय एवढं. मग माझ्यात आणि त्या सरांच्यात फरक काय राहिला? मी त्यांच्यावर वर्षभर चिडून होते ती कशासाठी? मी देवीला मानत नाही. नवरात्रात घट बसवते तोही सासूबाईंसाठी. पण शब्द मी दिला होता, देवीनं नव्हे. हात खाली घेतला आणि दोन्ही हातांनी छत्रीची मूठ घट्ट धरून उभी राहिले. रडूच येत होतं, रागानं.

तेवढ्यात वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. ही गाडी रोज जायची, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं. पण त्या दिवशी पलीकडे दरड घसरून माती पडलेली होती, म्हणून ड्रायव्हरनं गाडी अलीकडे, रानाच्या कडेला घेतली. मी कशीबशी बाजूला झाले. आणि लोंबलेली ती जड वेल एसटीच्या टपावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत खरडत गेली. असा हिसका माझ्या वडिलांनीसुद्धा कधी दिला नसेल! पानं, पाणी, काटक्या, किडे, सगळं धो धो खाली. मी छत्री घेऊन गाडीमागे धावले. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "ओ मावशी, छत्री सुलटी धरा की!"

"तुमचं तुम्ही बघा!" मी ओरडले. छत्रीत भुंगेरे होते. उलटे पडलेले, पाय पोटाशी घेऊन, मेल्याचं सोंग केलेले. अगदी घरच्यासारखे.

पण मी त्यांना कुपीत घातलं नाही. छत्रीवर पदर टाकला आणि तशीच शेतात भगताकडे गेले, चिखल तुडवत. म्हटलं, "हे एसटीनं पाडले. मी हात लावला नाही. चालेल का? नसेल चालत तर सांगा, परत सोडते." तो "नाही" म्हणाला असता तर मी सोडले असते का? असते. नंतर त्याच्याशी आयुष्यभर भांडले असते, पण सोडले असते.

भगतानं छत्रीत डोकावून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, केसांत पानं, साडी चिखलानं भरलेली. आणि असा हसला की त्याला कमरेवर हात ठेवून उभं राहावं लागलं.

"न्या बाय. एसटीला देवी बी अडवत नाय."

त्यात दात असलेले दोन होते. घरी आल्यावर एकाला कोमट पाण्यात मऊ केलं, बारीक आकड्यानं ते इंद्रिय काढलं, साफ केलं, मायक्रोस्कोपखाली ठेवलं. बाक डावीकडे, टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच. दक्षिणेतल्या त्या नेहमीच्या प्रजातीचं टोक गोल असतं, पुस्तकात चित्र आहे. मी इतक्या जोरात किंचाळले की नवरा धावत आला. त्याला भिंगातून दाखवलं. त्यानं डोळा लावून पाहिलं आणि म्हणाला, "हे तेच का, तुझी भावजय सांगते ते?" तेच! तेच, बाबा, तेच!

शोधनिबंध लिहिला. नाव ठेवलं ते लॅटिनमध्ये 'हट्टी' या अर्थाचं. सगळ्यांना वाटतं मी ते स्वतःवरून ठेवलं. वाटू दे. निबंधात नमुने कसे गोळा केले ते लिहावं लागतं, तिथे मी खरं ते लिहिलं. स्थानिक परवानगी नसल्यामुळे वेल हलवली नाही, वाऱ्यानं आणि जाणाऱ्या बसच्या धक्क्यानं पडलेले नमुने रस्त्यावर गोळा केले. छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञानं शेरा मारला, ही पद्धत हास्यास्पद आहे, हे वाक्य काढा, आणि रानात जाऊन आणखी नमुने आणा. मी उत्तर पाठवलं की नर आहे, मादी आहे, आकृत्या आहेत, त्यात चूक असेल तर दाखवा. वाक्य निघणार नाही, रानात जाणार नाही. संपादकांनी पुष्कळ दिवस झुलवलं. मीही झुलत राहिले. वाट बघण्याची आता सवय झाली होती. शेवटी निबंध छापून आला, वाक्यासकट. दोन्ही नर सरकारी संग्रहालयात जमा केले, कुणा एकाच्या कपाटात नको म्हणून.

भगताला छापील पान नेऊन दाखवलं आणि ते वाक्य मराठीत वाचून दाखवलं. त्यानं दोनदा ऐकलं. "यष्टीचं बी लिवलं?" म्हणाला. म्हटलं, लिहिलं. "ब्येस झालं," एवढं बोलून त्यानं तंबाखूची डबी पुढे केली. मी खात नाही, पण त्या दिवशी चिमूट घेतली आणि घरी येईपर्यंत डोकं गरगरत होतं.

त्यानंतर मोठ्या सरांचा फोन आला. आवाज एकदम मधाळ. अभिनंदन वगैरे झालं. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या संग्रहाला एक नर हवा होता. तुमच्याकडे एखादा जास्तीचा असेलच ना? नाहीतर कुणाला तरी पाठवून तिथून आणवा की. त्यात काय एवढं."

मी म्हटलं, "सर, तुम्हीच या ना. नाशिकहून सुरगाण्याची एसटी मिळते, रानापाशी थांबते. श्रावणात या. येताना छत्री आणा, उलटी धरायची. वर वेल दिसेल, हाताला येईल इतकी खाली असते."

"बरं, मग?"

"मग काही नाही, सर. हलवायची नाही. उभं राहायचं."